मोजले तर धोका, न मोजले तर पुरावा नाही : युरोपातील रोमांच्या हक्कांचा पेच

1999 साली चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा या औद्योगिक शहरात एक साधी पाहणी झाली. शहरातील 69 प्राथमिक शाळा आणि 8 विशेष शाळा यांच्या मुख्याध्यापकांना एक प्रश्नावली पाठवण्यात आली. तुमच्या पटावर एकूण मुले किती आणि त्यांपैकी रोमा किती, हा तिचा मुख्य प्रश्न होता. उत्तरे जमली तेव्हा असे दिसले की नेहमीच्या प्राथमिक शाळांतील 33,372 मुलांत रोमा मुले जेमतेम 2.26 टक्के होती. विशेष शाळा या बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलांसाठी होत्या, आणि तेथील 1,360 मुलांपैकी 762, म्हणजे 56 टक्के, रोमा होती. निराळ्या बाजूने पाहिले तर रोमा नसलेल्या शंभर मुलांपैकी दोनसुद्धा विशेष शाळेत जात नव्हती, तर रोमा मुलांपैकी निम्मी तेथेच बसत होती. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती.

या आकड्यांच्या बळावर ओस्त्रावातील 18 रोमा मुलांचा खटला स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. युरोपात अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी कायद्यांची वाण नाही, तरीही रोमांच्या हक्कांचे रक्षण एवढे अवघड का जाते, हे समजून घेण्यासाठी मला या खटल्याइतके चांगले उदाहरण दुसरे माहीत नाही.

रोमा कोण, हे आधी थोडक्यात पाहू. युरोपभर त्यांची संख्या एक ते सव्वा कोटीच्या घरात असावी असा अंदाज केला जातो आणि त्यांतील सुमारे 60 लाख युरोपीय संघाच्या देशांत राहतात. युरोपातील हा सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्याक समाज आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले. याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या भाषेत सापडतो. रोमानी ही मराठी आणि हिंदीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे. तिच्यात पाण्याला ‘पानी’ म्हणतात, नाक आणि कान हे नाक आणि कानच राहतात, माणसाला ‘मनुष’ हा शब्द आहे, आणि अंक ‘येक, दुय, त्रिन, श्तार, पांज’ असे मोजले जातात. सात, आठ आणि नऊ यांचे शब्द मात्र ग्रीक आहेत, म्हणजे वाटेतला मुक्कामही भाषेने नोंदवून ठेवला आहे. आपल्याकडे रोमा म्हणजे परदेशी गेलेले बंजारा असे सर्रास लिहिले जाते, परंतु त्याला पुरेसा आधार नाही. ‘जिप्सी’ हा शब्दही मराठीत मनमौजी भटक्या या अर्थाने कौतुकाने वापरला जातो. मुळात ही माणसे इजिप्तमधून आली या गैरसमजातून तो शब्द निघाला आणि अनेक रोमांना तो अपमानकारक वाटतो. शिवाय आजचे बहुसंख्य रोमा भटके नाहीत. ते कित्येक पिढ्यांपासून गावांत आणि शहरांत स्थायिक आहेत आणि त्या त्या देशाचे नागरिक आहेत.

आता खटल्याकडे वळू. भेदभाव दोन प्रकारे होतो. ‘या शाळेत रोमा मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली तर तो प्रत्यक्ष भेदभाव ठरतो आणि तो ओळखण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. चेक कायद्यात असे काहीही लिहिलेले नव्हते. मुलाची बौद्धिक चाचणी घ्यायची, गुण कमी पडले तर विशेष शाळा सुचवायची आणि पालकांची लेखी संमती घ्यायची, असा नियम होता व तो सर्व मुलांना सारखाच लागू होता. अडचण चाचणीत होती. ती बहुसंख्य चेक मुलांची भाषा, त्यांचे घर आणि त्यांचे अनुभव गृहीत धरून बेतलेली होती. ज्या मुलाच्या घरात निराळी बोली आहे आणि ज्याने शाळेआधी चित्रांचे पुस्तक हाताळलेले नाही, ते मूल त्या चाचणीत मागे पडणार हे उघड होते. नियम सर्वांना सारखा असून त्याचा फटका एकाच समाजाला अतोनात बसतो, तेव्हा त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. तो एका मुलाकडे पाहून दिसत नाही, कारण त्या एका मुलाचे गुण खरोखरच कमी असतात. शेकडो मुले एकत्र मोजली तरच तो दिसतो.

7 फेब्रुवारी 2006 रोजी स्ट्रासबुर्गच्या न्यायपीठाने मुलांच्या विरुद्ध निकाल दिला. वकिलांनी महाखंडपीठाकडे दाद मागितली, आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी महाखंडपीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी तो निकाल फिरवला. या निकालातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. विश्वसनीय आकडेवारी हा भेदभावाचा प्राथमिक पुरावा होऊ शकतो, असे न्यायालयाने मान्य केले. असा पुरावा समोर आला की हा भेदभाव नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी सरकारवर येते, असेही म्हटले. तिसरी गोष्ट पालकांच्या संमतीची होती. सरकारचे म्हणणे होते की पालकांनी स्वतःच सह्या दिल्या आहेत. न्यायालयाने उत्तर दिले की या पालकांना त्या सहीचा परिणाम काय होईल हे नीट सांगितले गेलेले नव्हते, आणि वांशिक भेदभाव न होण्याचा हक्क हा सही देऊन सोडून देता येणारा हक्कच नव्हे. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण गरीब आणि अल्पशिक्षित माणसाची सही दाखवून हात झटकण्याची सवय सगळीकडच्या कचेऱ्यांना असते.

ओस्त्रावाचे आकडे मुख्याध्यापकांकडून मिळाले हे पुन्हा लक्षात घेतले पाहिजे. सरकारजवळ अशी अधिकृत आकडेवारी नव्हती. युरोपातील अनेक देश नागरिकांच्या वंशाची माहिती गोळा करत नाहीत, किंवा फार हात राखून करतात. जनगणनेत प्रश्न विचारला गेला तरी रोमा स्वतःला रोमा म्हणून नोंदवायला कचरतात. रुमानियाच्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 6 लाख 20 हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हटले, तर युरोप परिषदेचा (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना; स्ट्रासबुर्गचे न्यायालय तिचेच) अंदाज त्याच्या जवळपास तिप्पट, 18 लाखांच्या वर, होता. चेक जनगणनेत त्याच वर्षी सुमारे 13 हजार रोमा नोंदले गेले, पण प्रत्यक्षात ते दोन लाखांहून अधिक असावेत असे मानले जाते. आपली संख्या जास्त दिसली तर शाळा, निधी आणि प्रतिनिधित्व मागता येते, हे ठाऊक असूनही माणसे आपली ओळख लपवतात, कारण याद्यांचा त्यांचा अनुभव भयंकर आहे.

1899 साली म्युनिकच्या पोलिसांनी केवळ या समाजावर नजर ठेवण्यासाठी एक कार्यालय उघडले आणि 1905 मध्ये हजारो नावांचे एक नोंदपुस्तक छापून ठिकठिकाणच्या पोलिसांना वाटले. फ्रान्सने 1912 च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेले ओळखपुस्तक सक्तीने बाळगायला लावले. नंतर त्याची जागा प्रवासपत्रांनी घेतली आणि ती पद्धत 2017 मध्ये पूर्ण संपली. आपल्याकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सबंध जमातींची नोंदवही ठेवली जात असे आणि पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. महाराष्ट्रातील विमुक्त जातींमध्ये त्या हजेरीची आठवण अजून आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

नाझी राजवटीत या याद्यांचे काय झाले, ते सांगितलेच पाहिजे. रॉबर्ट रिटर याच्या हाताखाली बर्लिनमध्ये चालणाऱ्या संशोधन केंद्राने जर्मनीतील सिंती (जर्मन भाषक प्रदेशात पूर्वीपासून राहणारी रोमांचीच एक शाखा) आणि रोमा कुटुंबांच्या वंशावळी जमवल्या, माणसांची डोकी मोजली, आणि कोण ‘शुद्ध’ व कोण ‘मिश्र’ याचे सुमारे 24 हजार दाखले तयार केले. त्या दाखल्यांच्या आधारे कुटुंबेच्या कुटुंबे छळछावण्यांत पाठवली गेली. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउश्वित्स-बिर्केनाउ येथील त्यांच्यासाठीचा विभाग रिकामा करण्यात आला आणि चार हजारांहून अधिक माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, विषारी वायूने मारली गेली. युरोपभर मारल्या गेलेल्या रोमा आणि सिंतींची संख्या दोन ते पाच लाखांच्या दरम्यान मानली जाते. युद्धानंतरही न्याय मिळाला नाही. 1956 साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असे ठरवले की 1943 पूर्वीची कारवाई वांशिक नव्हती, ती सुरक्षेसाठी होती. त्यामुळे अनेकांची नुकसानभरपाई नाकारली गेली. हा वंशसंहार होता असे जर्मन सरकारने 1982 साली मान्य केले.

हे सारे इतिहासजमा झाले आहे असे म्हणावे, तर 2013 साली स्वीडनमधील एका वृत्तपत्राने उघड केले की दक्षिणेकडील स्कोने भागाच्या पोलिसांकडे चार हजारांहून अधिक रोमांची यादी आहे. ती कोणा संशयितांची यादी नव्हती. तिच्यात लहान मुले होती आणि मरण पावलेली माणसेही होती. स्वीडनच्या न्यायालयांनी ती बेकायदा ठरवली. पण असे एकदा उघडकीस आल्यावर, जनगणनेच्या अर्जातील रिकाम्या चौकटीपुढे ‘रोमा’ लिहा, तुमच्याच भल्याचे आहे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

याची दुसरी बाजूही तितकीच दुःखद आहे. पोलिसांच्या वहीत नाव असलेल्या या समाजातील अनेकांचे नाव जन्मनोंदणीच्या वहीत मात्र नसते. युगोस्लाव्हिया फुटल्यावर हजारो रोमा एका प्रजासत्ताकात जन्मलेले आणि दुसऱ्यात राहणारे असे अधांतरी सापडले. 1992 मध्ये स्लोव्हेनियाने 25 हजारांहून अधिक रहिवाशांची नावे कायमच्या रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकली, त्यांत रोमाही होते. जन्मदाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून दवाखाना, शाळा आणि नोकरी नाही, आणि आईजवळ कागद नाही म्हणून तिच्या बाळालाही दाखला मिळत नाही, अशी ही साखळी पिढ्यानपिढ्या चालते.

नोंदीचा आणि संमतीचा प्रश्न सर्वांत क्रूर रूपात प्रसूतिगृहांत दिसला. चेकोस्लोव्हाकियात 1970 च्या दशकापासून रोमा स्त्रियांच्या नसबंदीला सरकारी प्रोत्साहन होते आणि राजवट बदलल्यावरही हे प्रकार थांबले नाहीत. 2000 साली स्लोव्हाकियातील प्रेशोवच्या सरकारी रुग्णालयात एका रोमा स्त्रीची सिझेरियनच्या वेळी नसबंदी करण्यात आली. वेणा सुरू असताना, पुन्हा मूल झाले तर तू किंवा मूल दगावेल असे सांगून तिच्यापुढे कागद ठेवला गेला आणि तिने सही केली. नसबंदी म्हणजे काय हे आपल्याला त्या वेळी ठाऊक नव्हते, असे तिने पुढे सांगितले. तिच्या वैद्यकीय कागदांत ‘रुग्ण रोमा वंशाची आहे’ असे शब्द लिहिलेले होते. 8 नोव्हेंबर 2011 रोजी मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ही अमानुष वागणूक ठरवली. मात्र यात वांशिक भेदभाव झाला का, हा प्रश्न न्यायालयाने वेगळा तपासला नाही. कागदावर तिचा वंश लिहिलेला असतानाही! एका बाईवर अन्याय झाला हे सिद्ध झाले, पण ती रोमा असल्यामुळे तो झाला हे त्या निकालात आले नाही.

चेक संसदेने 2021 मध्ये अशा स्त्रियांसाठी प्रत्येकी तीन लाख क्राउन भरपाईचा कायदा केला. अर्ज करायला गेलेल्या अनेकींना कळले की त्यांच्या उपचारांची कागदपत्रे रुग्णालयांनी कधीच नष्ट केली आहेत, आणि कागद नाहीत म्हणून त्यांचे अर्ज फेटाळले जाऊ लागले.

प्रत्येक वेळी पुराव्याचे ओझे पीडितावरच राहते असे मात्र नाही. युरोपीय संघाने 2000 साली वांशिक समानतेचा एक निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असा नियम, काढला. त्यानुसार तक्रारदाराने भेदभावाचा संशय येण्याजोगी परिस्थिती दाखवली की पुढची जबाबदारी समोरच्यावर जाते. याचा उपयोग बल्गेरियातील दुपनित्सा या गावी झाला. तेथील बहुतांशी रोमा असलेल्या वस्तीत वीज कंपनीने मीटर खांबांवर सहा ते सात मीटर उंचीवर बसवले होते. इतर वस्त्यांत ते माणसाच्या उंचीवर असत. वीजचोरी टाळण्यासाठी तसे केले, असे कंपनी सांगत होती. त्या वस्तीत दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली की मीटर वाचताच येत नाही, मग बिल खरे की खोटे हे कसे तपासायचे? त्या बाई स्वतः रोमा नव्हत्या. 16 जुलै 2015 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने (हे स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाहून वेगळे) म्हटले की एखाद्या समाजाविरुद्धच्या भेदभावाची झळ त्या समाजाबाहेरच्या माणसाला लागली तर त्यालाही दाद मागता येते, आणि सबंध वस्तीला चोर समजणारी ही पद्धत अपमानकारक आहे. चोरीचा पुरावा मागितल्यावर कंपनीने काही प्रकरणांत, हे सर्वांना माहीतच आहे, अशी भूमिका घेतली होती. ‘सर्वांना माहीत आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही, हे न्यायालयाला लिहून सांगावे लागले.

निकाल जिंकल्यावर काय होते, हा यापुढचा आणि अधिक अवघड भाग आहे. चेक सरकारने निकालाआधीच, 2005 पासून, विशेष शाळा कायद्यातून काढून टाकल्या होत्या. मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांकडून, हलका अभ्यासक्रम नव्या नावाने सुरू राहिला. ओस्त्रावाच्या निकालाची अंमलबजावणी झाली का यावर देखरेख करणारी युरोप परिषदेची मंत्रिसमिती निकालानंतर 15 वर्षे उलटल्यावरही तो विषय बंद करू शकली नव्हती. युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्याविरुद्ध लागोपाठ कारवाई सुरू केली, आणि 2023 मध्ये स्लोव्हाकियाला संघाच्या न्यायालयात खेचले.

हंगेरीतील ग्योंग्योशपाता या गावाची हकीकत तर मन विषण्ण करते. तेथील शाळेत वर्षानुवर्षे रोमा मुले वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या वर्गांत बसवली जात. वरच्या न्यायालयापर्यंत लढून सुमारे 60 विद्यार्थ्यांनी भरपाई मिळवली, आणि मे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याआधीच पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली होती की या लोकांना काम न करता मोठी रक्कम मिळते, ही इतर गावकऱ्यांच्या न्यायभावनेला धरून नाही. पुढे कायदाच बदलण्यात आला, आणि अशा प्रकरणांत पैशाऐवजी शिक्षण किंवा प्रशिक्षणाच्या रूपात भरपाई द्यावी असे ठरले. न्यायालयाने दिलेला हक्क बहुमताच्या जोरावर असा आकसवता येतो, कारण रोमांची मते विखुरलेली आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलून निवडणूक जिंकता येत नाही.

बोस्निया-हर्झेगोव्हिनात तर घटनाच आडवी येते. तेथील युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारातून आलेल्या त्या घटनेनुसार देशाच्या अध्यक्षमंडळावर केवळ बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब निवडून येऊ शकतात. रोमा नेते देर्वो सेजदिच आणि यहुदी नेते याकोब फिंची यांनी याला आव्हान दिले, आणि 22 डिसेंबर 2009 रोजी स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने हा भेदभाव असल्याचे ठरवले. त्यानंतर 2010, 2014, 2018 आणि 2022 अशा चार सार्वत्रिक निवडणुका जुन्याच नियमाने झाल्या.

युरोपीय संघाने ऑक्टोबर 2020 मध्ये दहा वर्षांचा आराखडा आखला असून 2030 पर्यंत शाळांतील विलगीकरण किमान निम्म्याने कमी करायचे असे त्यात म्हटले आहे. संघाच्या मूलभूत हक्क संस्थेच्या 2021 च्या पाहणीत मात्र 52 टक्के रोमा मुले अशा शाळांत होती जेथे सर्व किंवा बहुतेक मुले रोमाच आहेत. 2016 मध्ये हे प्रमाण 44 टक्के होते. गरिबीच्या छायेत जगणाऱ्या रोमांचे प्रमाण दोन्ही वेळा 80 टक्केच राहिले. निधी येतो, पण तो मागायचा, खर्चायचा आणि त्याचा हिशेब द्यायचा तो राज्यांनी आणि नगरपालिकांनी, आणि ज्या नगराध्यक्षाचे मतदार रोमा वस्ती गावाबाहेरच राहावी म्हणतात, तो नगराध्यक्ष त्या निधीसाठी अर्जच करत नाही.

मग मोजायचे कसे? चेक शिक्षण मंत्रालय आता मुख्याध्यापकांकडून, मुलांची नावे न घेता, शाळेत रोमा मुले किती असावीत याचा अंदाज मागवते. यादी होत नाही, आकडा मात्र मिळतो. त्यासाठी रोमा कोणाला म्हणायचे याची व्याख्याही विचारपूर्वक केलेली आहे. जी व्यक्ती स्वतःला रोमा समजते, मग ती तसे उघडपणे सांगो वा न सांगो, ती रोमा. आणि भोवतालचे बरेच लोक जिला रोमा समजतात, तीही. या व्याख्येचा दुसरा भाग अनेकांना खटकतो, कारण माणसाची ओळख दुसऱ्याने ठरवावी हे योग्य नाही. पण वर्गात मुलाला मागच्या बाकावर बसवणारा शिक्षक त्याला आधी विचारत नाही की तू स्वतःला कोण समजतोस.